आधी आवाज, मग साहेब

गिरदावर बन्सीधररावांची फटफटी चालू असली की ऐकणाऱ्याला ती बंद पडावी असं वाटे, आणि बंद पडली की ढकलणाऱ्याला ती चालू व्हावी असं वाटे. गंगाखेड तालुक्यात दोन्ही प्रकारचे लोक मुबलक होते, आणि बहुतेक ते तेच होते.

गाडी विलायती होती. एका जिनिंगमधला गोरा साहेब मायदेशी जाताना घरातला पाळणासुद्धा बरोबर घेऊन गेला, ही एवढी मागे ठेवून गेला. त्यावरून काय ते समजावं. पुढच्या चाकावरचा पत्रा घासलेटच्या डब्याचा होता. गादीतलं होतं नव्हतं ते उडून गेल्यावर तिच्यावर शेळीचं कातडं ताणून बसवलं होतं, आणि उन्हाळ्यात त्याला शेळीची आठवण येई. डाव्या हाताची मूठ बाभळीची. दिवा होता, पण तो शोभेचा. धूर आणि आवाज गिळणारं मागचं नळकांडं कधी तरी गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, वाळूत गळून पडलं. तेव्हापासून गाडी मोकळेपणाने बोलू लागली. दोन कोसांवरून ऐकू येई. राणीसावरगावच्या बाजूला डोंगर असल्यामुळे तिकडे गाडी एकदा येई आणि आवाज दोनदा.

"राव, घोडं घ्या की एखादं," महसुलाच्या तपासणीला गावोगाव फिरणाऱ्या या गिरदावराला कचेरीतले लोक म्हणत.

"घोड्याशी रोज बोलावं लागतं," बन्सीधरराव म्हणत.

त्यांना बोलायचा कंटाळा होता. तसा सगळ्याचाच होता. वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीत, जायला एक पावसाळा उरला होता, पाठ कमरेपासून वेगळी झाल्यासारखी दुखे, आणि सकाळी जोडे घालताना, हे पुन्हा संध्याकाळी काढायचेच आहेत, असं मनात येई. फक्त फटफटीवर बसलं की बरं वाटे. आपल्या वयाचं कुणीतरी भेटल्यासारखं. नवी गाडी असती तर तिला ओरखडा पडेल म्हणून जीव टांगणीला लागला असता. हिच्यावर नवा ओरखडा पडायला जागाच नव्हती. तिला कुणी चोरत नसे, कुणी मागत नसे, आणि ती वेळेवर पोचेल अशी कुणाची अपेक्षा नसे. बन्सीधररावांना स्वतःबद्दलही लोकांनी असंच धोरण ठेवावं असं फार वाटे.

पण ती त्यांना जी एवढी लागत होती, त्याचं कारण निराळं होतं.

लढाई चालू होती. ती कुठे तरी लांब होती, पण जेवायला इकडे येत होती. सरकारने लेव्ही लावली होती. कुणब्याने घरापुरती ज्वारी ठेवायची, बाकीची सरकारात घालायची. घरापुरती म्हणजे किती, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी भाकरी बहुधा चित्रात पाहिली असावी. तेव्हा लोक ज्वारी पेवात घालत. पेव म्हणजे जमिनीतला हौद, तोंड लहान आणि पोट मोठं. वर दगड, दगडावर माती, मातीवर गव्हाण, गव्हाणीला बैल. सरकारनेही मग गिरदावरांच्या हाती लोखंडी सळया दिल्या आणि गावोगाव जमिनी टोचत फिरायला सांगितलं. पेव सापडलं की ज्वारी जप्त, वरचा बैल जप्त, आणि घरधनी कोठडीत.

बन्सीधररावांनी उभ्या नोकरीत दोन गोष्टी सांभाळल्या होत्या. कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि आपल्या हातून कुणाचं घर बसू दिलं नव्हतं. महसुलात या दोन गोष्टी एकत्र राहात नाहीत असं सगळे म्हणत. बन्सीधररावांकडे त्या राहिल्या, कारण त्यांच्यामध्ये फटफटी होती. आवाज दोन कोसांवर उठे. गाव उघडं असेल ते झाकून घेई. मग साहेब येत, सळई टोचत, आणि डोळ्यांनी जे दिसलं ते खरंखरं लिहीत: तपासणी केली, काही आढळले नाही.

हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. गावांनीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

वर गावाची एक जुनी रीतही होती. सरकारी माणूस आला की पाटलाने चावडीवर घोंगडं अंथरायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं, आणि साहेब त्या घोंगड्यावर बसला की मग तो आला असं धरायचं. पूर्वी एका गिरदावराला घोंगडं अंथरायच्या आधीच ऐन चावडीपुढे कुत्रं चावलं. कचेरीने बरेच दिवस विचार करून 'चावा गावाबाहेर' असा निकाल दिला होता.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना कचेरीत नवे तहसीलदार आले. हैदराबादचे, तरुण, हसतमुख. त्यांनी बन्सीधररावांचे सगळे कागद वाचले, आणि कागद वाचणारा अधिकारी पाहून कचेरी धास्तावली. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर चहा घेत उभे असताना लांबून, स्टेशनाच्या पलीकडून, फटफटीचा आवाज सुरू झाला. साहेबांचा चहा संपला. दुसरा आला. तोही संपला. मग बन्सीधरराव आवारात शिरले.

"माशाल्ला," तहसीलदार म्हणाले. "गिरदावरसाब, आप तो अपने आने से पहले आ जाते हैं!"

पुढचं बोलणंही उर्दूतच झालं आणि फार गोड झालं. तुमचं वय झालंय, अशा खटाऱ्यावर फिरणं तुम्हाला शोभत नाही, सरकारला तुमची काळजी आहे. हैदराबादहून एक नवी कोरी मोटारसायकल आली आहे. मांजरासारखी चालते. उद्यापासून तिच्यावर दौरा करायचा. जुनी कचेरीच्या छपरीत लावून टाका. पेट्रोलची चिठ्ठी आता फक्त नवीच्याच नावाने निघेल.

"आणि उद्या कुठे जायचंय म्हणालात?"

"कोल्ह्याची वाडी, हुजूर."

"जरूर जा," तहसीलदार म्हणाले. "या वेळी काहीतरी आढळेल, असं माझं मन सांगतं."

सकाळी दिवस उगवायला बन्सीधरराव निघाले. मागे वैजीनाथ चपराशी, मांडीवर सळई आडवी धरून. नवी गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली, तेव्हाच त्यांना ती आवडली नाही.

"झाली का चालू?" वैजीनाथाने विचारलं.

"चाललोय की आपण."

"व्हय का!" वैजीनाथ म्हणाला आणि घट्ट धरून बसला.

गादी मऊ होती. खड्डे लागत नव्हते. रस्त्यावर कुणी बाजूला होत नव्हतं, कुणी रामराम करत नव्हतं. माणसं अगदी जवळ गेल्यावर दचकून बांधावर उड्या मारत. बन्सीधररावांना आयुष्यात प्रथमच दौऱ्यावर असताना पाखरं ऐकू आली. आपले गुडघे वाजतात हेही कळलं. एका वस्तीपाशी जात्यावर बाया दळत होत्या. तिथून जाताना ओवी कानावर आली:

*फटफटीचा ग खोकला, दोन कोसांवर ऐकला*
*माझ्या बंधवानं बाई, दाना भुईत झाकला*

बन्सीधरराव पुढे बघत राहिले. मागे वैजीनाथाने सळई या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

"जुनी ओवी असंल, साहेब," शेवटी तो म्हणाला. "फटफटी निघाल्या नव्हत्या तवाची."

कोल्ह्याच्या वाडीला गिरदावर येणार हे आधीच माहीत होतं. सांगावा नेहमीप्रमाणे गेला होता. पण वाडी निवांत होती. साहेब आले की आवाज येतोच, मग बघू, असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले होते. कडूबाईच्या घरातली ज्वारी संपली होती, म्हणून तिने सकाळीच पेव उघडायला घेतलं. पेव उघडलं की आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत वाट बघावी लागते, नाही तर उतरणारा माणूस गुदमरतो. तेवढं थांबून, कंदील सोडून बघून, तिने आपल्या लेकाला, व्यंकटीला, आत उतरवला होता. पाटील चंद्रभान दोर धरून उभा होता, कारण त्याचीही चार पोती त्याच पेवात होती.

तेवढ्यात गोठ्याच्या तोंडाशी एक नवी कोरी गाडी येऊन थांबली, आणि तिच्यावर गिरदावरसाहेब बसलेले होते.

गव्हाण बाजूला सरकवलेली. बैल सोडून लिंबाला बांधलेला. मधोमध पेवाचं तोंड, आणि तोंडाशी ज्वारीची भरलेली टोपली. पाटलाने भान हरपून जवळची कडब्याची पेंढी त्या तोंडावर ओढली. कडूबाईने त्याच्या हातावर फटका मारला.

"लेकरू हाय माझं आत!"

मग ती बन्सीधररावांकडे वळली. तिचं वय त्यांच्याएवढंच असेल. चेहऱ्यावर भीती होती, पण राग तिच्या पुढे धावत होता.

"साहेब, असं येत्यात व्हय?"

"कसं?"

"असं. मांजरावानी. इतकी सालं तुमी येताव, कवा असं केलं न्हाई. घरात लेकीसुना असत्यात. मानसानं यायच्या आधी खोकलावं तरी."

"सरकारी गाडी आहे, कडूबाई. ती खोकत नाही."

"मंग तुमी खोकायचं!"

पेवातून आवाज आला, "माय, कोन हाय?"

"कोन न्हाई."

"वर येऊ का?"

"नको येऊ!"

"दम कोंडायलाय."

"मंग ये."

व्यंकटीचं डोकं वर आलं. केसांत ज्वारी होती. त्याने साहेब पाहिले, "रामराम साहेब," म्हणाला आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुन्हा खाली गेला.

बन्सीधरराव गाडीवरून उतरले. लेव्ही लागल्यापासून त्यांनी उघडं पेव पाहिलं नव्हतं. आता पाहिलं होतं. जे दिसेल ते लिहायचं, हा नियम त्यांचाच होता, आणि लिहिलं की तो लिंबाचा बैल, ती टोपली आणि तो केसांत ज्वारी असलेला मुलगा, सगळं गंगाखेडला जाणार होतं. न लिहावं, तर उभ्या नोकरीचा शेवटचा कागद खोटा. त्यांना राग आला नाही, दया आली नाही. फक्त इतकं थकल्यासारखं झालं की कुठे तरी टेकावं. या गावात आल्यावर ते नेहमी घोंगड्यावर बसत. त्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं.

"पाटील, घोंगडं कुठंय?"

"घरी हाय जी. आवाज आला की आणतो म्हनलं. तर आज आवाजच..."

"म्हणजे अंथरलं नाही."

"न्हाई."

"पायांना पाणी?"

"न्हाई जी. आत्ता आणतो..."

"आणू नका!" बन्सीधरराव एवढ्या जोरात ओरडले की बैलाने मान वळवली. मग ते हळू म्हणाले, "घोंगडं नाही, पाणी नाही. मग मी आलोय कुठं?"

पाटील त्यांच्याकडे बघत राहिला. "हितं हाव की, साहेब."

"नाही हो."

वैजीनाथाने सळई खांद्यावर टाकली आणि गाडी उलटी वळवली. "पाटील," तो समजूत घालत म्हणाला, "साहेब अजून रस्त्यातच हाईत. तुमी काय उनात उभं राहून बघायलाव? जावा, वेशीवर जावा, वाट बघा."

दोघांनी गाडी ढकलत मागे नेली, थेट ओढ्यापर्यंत. बन्सीधररावांनी एक चांगला धोंडा निवडला.

"साहेब, सरकारी हाय," वैजीनाथ म्हणाला.

"मीही सरकारीच आहे," बन्सीधरराव म्हणाले, आणि नळकांड्यावर धोंडा घातला. ते नवं होतं, चिवट होतं. वैजीनाथाने सळई घालून उचकटलं. सळईचा असा उपयोग झालेला पाहून दोघांनाही समाधान वाटलं. मग ते करंजाच्या सावलीत पडले. व्यंकटीला वर यायला, दगड ढकलायला, माती लोटायला, बैल बांधायला वेळ लागतोच. बन्सीधररावांना डुलकी लागली. त्यांना स्वप्नही पडलं नाही, इतके ते दमले होते.

ते दुसऱ्यांदा आले तेव्हा वाडीतली कुत्री गप्प झाली. नव्या गाडीचा मोकळा आवाज जुनीसारखा खोकल्याचा नव्हता, दटावल्यासारखा होता. चंद्रभान पाटील वेशीत घोंगडं काखेत धरून उभा होता, आणि बन्सीधररावांना बघेपर्यंत त्याच्या जिवात जीव नव्हता.

"आपला आवाज वाटंना," तो म्हणाला. "म्हनलं, दुसरंच कोन तरी साहेब यायलंय."

घोंगडं अंथरलं गेलं. पाय धुतले गेले. बन्सीधरराव आले. त्यांनी घरं पाहिली, गोठे पाहिले. कडूबाईच्या गोठ्यात गव्हाण जागेवर होती आणि गव्हाणीवर बैल होता. बैल त्यांच्याकडे आधी भेटल्यासारखा बघत होता. वैजीनाथाने सळई टोचली, ती जिथे टोचायला नको होती तिथे टोचली नाही. मग कडूबाईने त्यांना जेवू घातलं. भाकरी, ठेचा, ताक. पेवातल्या ज्वारीला आंबूस कुबट वास येतो, तो भाकरीतूनही जात नाही. बन्सीधरराव या वाडीत कित्येक वर्षं तीच भाकरी खात आले होते. पण कागदात डोळ्यांना दिसलेल्याचा रकाना होता, जिभेला लागलेल्याचा नव्हता.

त्यांनी लिहिलं: तपासणी केली, काही आढळले नाही. सही करायच्या आधी त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"काय झालं, साहेब?" कडूबाईने विचारलं.

"काही नाही. भाकरी चांगली झालीय."

"मंग अशी तोंड पाडून कशाला खायलाव?"

संध्याकाळी तहसीलदार ओसरीवर उभे होते. स्टेशनाच्या पलीकडून आवाज सुरू झाला. त्यांनी चहा सांगितला. तो पिऊन झाला तेव्हा बन्सीधरराव समोर होते.

"नळकांडं?"

"पडलं, हुजूर."

"कुठे?"

"ओढ्यात."

"आणि जुनीचं गंगेत." तहसीलदार हसले. त्यांनी कागद वाचला, घडी घातली. "गिरदावरसाब, तुमच्या हातून फार पडतं हो. आता बसून घ्या. वजिफा मिळेपर्यंत फिरती बंद. नवी गाडी दुरुस्त करून मी चंद्रपालला देतो, तरुण आहे. तुमची जुनी घेऊन जा."

शिक्षा म्हणावी तर ही मागून मिळाली नसती. ऊन नाही, धूळ नाही, पाठीला खुर्ची. बन्सीधररावांनी जुनी फटफटी ढकलत घरी आणली आणि ओट्यापाशी उभी केली. काही दिवस ते टेबलापाशी बसले. पाठ तशीच दुखली. मग एका दुपारी चंद्रपाल त्यांच्याजवळ आला. नवा गिरदावर, चुणचुणीत, जोड्यांना रोज पॉलिश. गाडी दुरुस्त होऊन आली होती.

"राव, ती कोल्ह्याची वाडी कशी आहे? उद्या सकाळी तिकडे जायचंय. साहेबांनी न कळवता जायला सांगितलंय."

"रस्ता खराब आहे," बन्सीधरराव म्हणाले. "सावकाश जा."

त्या संध्याकाळी वैजीनाथ ओट्यावर येऊन बसला. धोतराच्या सोग्यातून त्याने एक बाटली काढली.

"पेट्रोल हाय," तो म्हणाला. "नव्या गाडीत भरताना सांडलं."

"सांडलेलं बाटलीत कसं आलं?"

"बाटलीतच सांडलं, साहेब."

बन्सीधररावांनी बाटली उजेडात धरून पाहिली. एवढ्यावर गाडी फार तर सुरू झाली असती. एकदा तापली की ती घासलेटवरही चाले, पण घासलेट घरात कंदिलापुरतं होतं. दारातून त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, विचारलं, "उद्या कुठं?"

"कुठं नाही. रजा टाकावी म्हणतो. जरा हिंडून येतो."

"पाठ दुखते ना?"

"बसूनही दुखतेच आहे."

नर्मदाबाई आत गेल्या आणि घासलेटचा डबा आणून ओट्यावर ठेवला. "तुम्ही आलात की मग कंदील लावू," त्या म्हणाल्या. "येताना तसंही ऐकू येईलच."

सकाळी नवी गाडी कचेरीतून मांजरासारखी निघाली. तिच्या बऱ्याच पुढे, राणीसावरगावच्या रस्त्यावर, एक म्हातारी फटफटी खोकत, थुंकत, काळा धूर सोडत चालली होती. बन्सीधररावांच्या अंगावर सरकारी कोट नव्हता, डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं. खड्डा आला की पाठीतून कळ येई. शेळीचं कातडं टोचत होतं. बाभळीची मूठ हाताला ओळखीची लागत होती. रस्त्याकडेची माणसं आवाज ऐकूनच बांधावर सरत होती आणि रामराम करत होती. बन्सीधरराव मान हलवत होते.

कोल्ह्याच्या वाडीपाशी ते थांबले नाहीत. वेशीत चंद्रभान पाटील घोंगडं काखेत घेऊन धावत आला, आणि ते पुढे जाताहेत हे पाहून तसाच उभा राहिला. कडूबाईच्या गोठ्यापाशी गव्हाण पुन्हा जागेवर सरकवत असलेला व्यंकटी दिसला असता, पण त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

वाडीच्या पुढच्या चढावर फटफटी बंद पडली. ते उतरले आणि सावलीत बसले. खालून, पार मागून, नवी गाडी बिनआवाज वाडीकडे येताना दिसत होती. बन्सीधररावांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि ढकलायला कुणी येतं का, याची वाट बघत बसले.